पहिलं घर घेताय? आधी पौडला चौकशी करा

ताम्हिणी, निवे, पिंपरी या पट्ट्यातली पोरं कामाला पिरंगुटकडे जातात. दोन पगार साठले की तिकडेच वन बीएचके बघू लागतात. घराण्यात पहिल्यांदाच कुणी खरेदीखत करत असतं. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी हे सांगणं आहे.

पहिलं घर म्हणून महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात सरसकट सूट नाही. घाटात हौसेचा बंगला बांधणारा आणि आयुष्यात एकदाच घर घेणारा, दोघांना दर एकच. हे मला अन्यायाचं वाटतं आणि ते बदलायला हवं. पण आज जे पदरात पडतं, ते तरी सोडू नका.

1 एप्रिल 2021 पासून राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं, तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. 25 लाखांच्या फ्लॅटवर 25 हजार वाचतात. नोंदणी फीसुद्धा 1 टक्का, म्हणजे तेवढीच असते (ती 30 हजारांच्या वर जात नाही). पूर्वी असं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकता येत नव्हतं. ती अट 2023 मध्ये निघाली. मात्र नवराबायकोचं जोडनाव लावलं की सवलत गेली, आणि मोकळ्या प्लॉटला ती नाहीच. दुसरी बाजूही बघा: मालकीत नाव नसेल तर हप्ते भरूनही नवऱ्याला प्राप्तिकरात गृहकर्जाची वजावट मिळत नाही. तेव्हा हिशेब करून ठरवा. मला विचाराल तर बायकोच्या नावावरच घ्या. मुळशी धरणाच्या वेळी, 1921 च्या सत्याग्रहाच्या काळात, ज्यांची घरंदारं, जमिनी पाण्यात जाणार होत्या, त्यात बायाही होत्या; पण कागदावर त्यांच्यापैकी कितीजणींचं नाव असणार?

बापाचं राहतं घर किंवा शेतजमीन मुलाच्या, मुलीच्या, नातवंडांच्या नावावर करायची असेल तर खरेदीखत दाखवू नका. बक्षीसपत्र करा. त्यावर मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे. स्थानिक अधिभार वेगळा, तो आधी विचारून घ्या.

आता सगळ्यात कळकळीचं. स्टॅम्प पेपरवर ‘साठेखत’ लिहायचं, नोटरीचा लाल शिक्का मारायचा, पैसे मोजायचे आणि घर झालं म्हणायचं, हा प्रकार थांबवा. नोटरीच्या शिक्क्याने मालकी येत नाही. दस्त दुय्यम निबंधकाकडे, सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदवावा लागतो. शुल्क कमी भरलं असेल तर फरकावर दरमहा 2 टक्के दंड चढतो, आणि तो बहुधा घर विकताना किंवा कर्ज काढताना समोर येतो. ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा हाही मालकीचा पुरावा नव्हे. ती घरपट्टीची नोंद आहे.

आणि किंमत कमी दाखवायला कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा. शुल्क तुमची किंमत आणि रेडी रेकनरचं मूल्य यांत जे जास्त, त्यावर लागतं. दोन्हींतला फरक 10 टक्क्यांच्या आणि 50 हजारांच्या वर गेला तर प्राप्तिकर खातं तो फरक तुमचं उत्पन्न धरतं. वर रोखीने दिलेल्या पैशाची पावती तुमच्याकडे नसते, उद्या व्यवहार फिसकटला तर मागणार कशाच्या जोरावर?

जागा गुंठ्यावर मिळत असेल तर आणखी सावध राहा. सातबारा हातात आला की सगळे मालकाचं नाव वाचतात. तुम्ही ‘इतर हक्क’ हा रकाना वाचा. कुळाची नोंद, बँकेचा बोजा, तुकडेबंदीचा शेरा तिथेच असतो. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, ही कुळकायद्याच्या कलम 63 ची अट एजंट सांगत नाही.

इसार देण्याआधी एक दिवस पौडला घालवा. गट नंबर किंवा फ्लॅटचा पत्ता, बाईच्या नावावर घ्यायचं की दोघांच्या, एवढं ठरवून जा. दुय्यम निबंधक कार्यालयात मूल्यांकन, शुल्क आणि अधिभार किती होतो ते विचारून कागदावर लिहून आणा, आणि त्याच मालमत्तेच्या आधीच्या दस्ताची सूची क्रमांक 2 काढून घ्या. विकणाऱ्याचं नाव तिच्यात खरेदीदार म्हणून नसेल, तर त्याला मालमत्ता कशी मिळाली याचा कागद दाखवेपर्यंत एक रुपयाही देऊ नका.