संगणकभाषेचा मूलसंच आणि मराठीचे अक्षर

वाङ्मयाच्या अभ्यासकाने संगणकभाषेच्या जडणघडणीत लक्ष घालावे काय, हा प्रश्न आपल्या विभागांमधून फारसा विचारला जात नाही. संगणक हे लेखन-मुद्रणाचे साधन आहे आणि खिळे जुळवणाऱ्याच्या कामात साहित्यिकाने पडू नये, अशी आपली साधारण धारणा असते. मुद्रणाच्या काळातही ही धारणा खरी नव्हती. सावरकरांची लिपिशुद्धीची चळवळ आणि विनोबांचा लोकनागरीचा आग्रह ह्या दोन्हींच्या मुळाशी लिपी आणि यंत्र ह्यांच्या संबंधाचाच विचार होता. आज तो संबंध अधिक खोलवर गेला आहे. खिळा अक्षराचा आकार ठरवीत असे. संगणकभाषा अक्षर म्हणजे काय, हेच ठरवते. म्हणून प्रस्तुत लेखाची भूमिका अशी आहे की, संगणकभाषांच्या मूलसंचात कोणत्या सोयी असाव्यात ह्याविषयीचे प्रस्ताव मराठीच्या विभागांनी स्वतः तयार करावेत व रीतसर मांडावेत.

प्रथम 'मूलसंच' ह्या शब्दाचा खुलासा करणे इष्ट. कोणतीही संगणकभाषा केवळ व्याकरण घेऊन येत नाही. तिच्याबरोबर तयार आज्ञांचा एक संच येतो. इंग्रजीत त्यास 'कोअर लायब्ररी' म्हणतात. मजकुराची लांबी मोजणे, यादी क्रमाने लावणे, एक शब्द दुसऱ्यात शोधणे अशी नित्याची कामे ह्या आज्ञा करतात. बाहेरून वेगळे संचही जोडता येतात. परंतु मूलसंचात जे असते ते कोणत्याही खटपटीवाचून सर्वांना मिळते, आणि जे नसते त्याची उणीव बहुतेकांच्या लक्षातही येत नाही.

आता रायगड जिल्ह्यातील दोन साधी ग्रामनामे घेऊ. 'पेण' ह्या शब्दात अक्षरे किती, असे पहिलीतल्या मुलास विचारले तर ते दोन असे सांगेल. पायथॉन ह्या आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या भाषेतील लांबी मोजणारी आज्ञा तीन असे सांगते. कारण तिच्या लेखी प, एकाराची मात्रा आणि ण हे तीन स्वतंत्र 'संकेतबिंदू' आहेत. 'रोहा' ह्या दोनअक्षरी नावाची लांबी त्याच न्यायाने चार भरते. हाच शब्द संकेतबिंदूंच्या क्रमाने उलटवला, तर आरंभीच एक निराधार काना उभा राहतो आणि ओकाराची मात्रा र वरून उठून ह वर जाऊन बसते. रोह्याचे जुळे गाव अष्टमी. त्याची कथा अधिक बोधप्रद आहे. संकेतबिंदू मोजले तर 'अष्टमी' सहा भरते. युनिकोडने वाचकाच्या दृष्टीने एकसंध वाटणाऱ्या चिन्हसमूहांसाठी जे नियम केले आहेत, त्यांनुसार २०२३ पूर्वी हे नाव चार घटकांचे होते. कारण ते नियम 'ष्ट' ह्या जोडाक्षराचे दोन तुकडे करीत. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिकोडची १५.१ ही आवृत्ती आली, तीत देवनागरीसह काही भारतीय लिप्यांची जोडाक्षरे अभंग ठेवणारा नियम समाविष्ट झाला, आणि अष्टमी तीन अक्षरांची झाली. गावाचे नाव बदलले नाही, लेखन बदलले नाही. बदलली ती यंत्राची व्याख्या. यंत्राची व्याख्या ही निसर्गनियमासारखी अटळ वस्तू नसून माणसांनी चर्चा करून ठरवलेली व पुन्हा बदललेली गोष्ट आहे, हे येथे स्पष्ट होते.

ह्याचा वाङ्मयाशी संबंध काय, असे कोणी विचारील. विनोबांचा जन्म पेण तालुक्यातील गागोदे येथला. १९३०-३१ मध्ये रचलेली व १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची 'गीताई' ही गीतेची समश्लोकी आहे. तिच्या बहुतेक श्लोकांचे चरण आठ अक्षरांचे आहेत. उद्या एखाद्या विद्यार्थ्याने गीताईच्या छंदोरचनेचा संगणकाच्या साहाय्याने अभ्यास करावयाचे ठरवले, तर मूलसंचातील मोजणी त्यास आठाच्या जागी चौदा, सतरा असे भलतेच आकडे देईल. ओवी, अभंग, अक्षरगणवृत्ते, लोकगीते ह्या सर्वांच्या अभ्यासात 'अक्षर' हे मूळ परिमाण आहे. परिमाणच चुकीचे असेल तर त्यावर उभी राहणारी कोष्टके कितीही देखणी असली तरी व्यर्थ होत.

तथापि २०२३ च्या नियमाने सर्व प्रश्न सुटले, असेही नव्हे. 'वाङ्मय' हाच शब्द पाहा. ङ चा पाय मोडलेला स्पष्ट दिसावा म्हणून अनेकजण त्यापुढे जोड रोखणारे एक अदृश्य चिन्ह टंकित करतात. ते चिन्ह असेल तर नव्या नियमानेही ह्या शब्दाचे चार घटक होतात. नसेल तर तीन. छंदःशास्त्राच्या दृष्टीने मात्र दोन्ही लेखनांत अक्षरे तीनच. 'जगत्' ह्या शब्दातील अंत्य व्यंजनास स्वतंत्र अक्षर मानावे काय, ह्याचे उत्तर पिंगलाच्या परंपरेत नकारार्थी आहे. यंत्र त्याची गणना करते. म्हणजे दृश्य अक्षर आणि छंदातील अक्षर ह्या दोन निराळ्या कल्पना आहेत. हा भेद अभियंत्यास ठाऊक असावा अशी अपेक्षा करणे न्याय्य नाही. तो ज्यांच्या अभ्यासाचा विषय आहे, त्यांनीच तो सांगितला पाहिजे.

दुसरा प्रश्न समानतेचा. पेण तालुक्यातील बावीस गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी विशेष आर्थिक क्षेत्रासाठीच्या भूसंपादनावर जनमत घेण्यात आले. त्या प्रसंगाची वृत्ते, पत्रके व भाषणे एकत्र करून कोणी 'शेतकऱ्यांचा' हा शब्द शोधू लागला, तर त्यास काही ठिकाणी तो सापडेल आणि काही ठिकाणी डोळ्यांसमोर असूनही सापडणार नाही. कारण ह्या शब्दातील अर्धा र दोन रीतींनी लिहिला जातो: एका रीतीत 'ऱ' ह्या स्वतंत्र वर्णास हलन्त जोडतात, दुसरीत साध्या र ला हलन्त व जोडणारे अदृश्य चिन्ह लावतात. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राच्या लेखी ते भिन्न शब्द आहेत. युनिकोडची रूपे एकसारखी करण्याची जी प्रक्रिया पायथॉनच्या मूलसंचात आहे, तीही ह्या दोहोंस एक मानत नाही. 'ॲ' ची स्थिती अशीच. हा वर्ण युनिकोडमध्ये २००८ साली दाखल झाला. तत्पूर्वीच्या मजकुरात तो अ आणि चंद्र अशा दोन चिन्हांनी लिहिलेला आढळतो, आणि ही दोन्ही लेखने आजही परस्परांपासून अलिप्त आहेत. ज्या शब्दाने एका चळवळीतला माणूस ओळखला जातो तोच शब्द शोधात निसटत असेल, तर त्या चळवळीच्या वाङ्मयाचा कोणताही निष्कर्ष संशयास्पद ठरतो.

तिसरा प्रश्न क्रमाचा. 'काल', 'काळ', 'काव्य' असा क्रम यंत्र लावते, कारण युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल च्या लगेच पुढे आहे. आपण शाळेत शिकलेल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, त्यामुळे 'काव्य' हा शब्द 'काळ' च्या आधी यावयास हवा. अनुस्वाराचे स्थान कोणते, ह्याबाबत कोशकारांमध्येही एकवाक्यता नाही. पण म्हणूनच क्रम लावताना भाषा व संकेत सांगण्याची मुभा मूलसंचात असली पाहिजे. संकेतबिंदूंचा आकडा हा वर्णक्रम नव्हे.

ह्यावरून तीन मागण्या निष्पन्न होतात. एक, मजकुराच्या मूळ प्रकारापाशीच त्याची अक्षरे वेगळी करून देणारी आज्ञा असावी, आणि तीत दृश्य अक्षर व छंदातील अक्षर असा पर्याय निवडता यावा. दोन, सारख्या दिसणाऱ्या पण निराळ्या संकेतांनी लिहिलेल्या रूपांची तुलना करताना त्यांना एक मानण्याची सोय असावी. तीन, भाषेचे नाव सांगून वर्णक्रम लावता यावा आणि त्यासाठी यंत्राच्या कार्यप्रणालीवर अवलंबून राहावे लागू नये. ह्यांत अशक्य असे काही नाही. स्विफ्ट ही भाषा २०१४ साली प्रसिद्ध झाली तेव्हापासून तिने चिन्हसमूहालाच मजकुराचा मूळ घटक मानले आहे. जावास्क्रिप्टच्या आंतरराष्ट्रीयीकरणाच्या प्रमाणकात भाषेनुसार क्रम लावण्याची सोय २०१२ पासून आहे व मजकुराचे असे घटक पाडण्याची सोय २०२२ च्या आवृत्तीत आली.

ह्यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, मूलसंच लहान असावा. भाषाविशिष्ट नियम वरचेवर बदलतात, ते बाहेरच्या संचात ठेवणेच शहाणपणाचे. ह्यात तथ्य आहे, आणि जुन्या आज्ञांचा अर्थ बदलू नये हेही खरे. लांबी मोजणाऱ्या आज्ञेने उद्या एकाएकी निराळे उत्तर दिले तर जगभरच्या असंख्य आज्ञावली कोसळतील. म्हणूनच मागणी नव्या आज्ञांची आहे, जुन्या बदलण्याची नाही. परंतु बाहेरच्या संचांवर विसंबण्याचा एक तोटा दृष्टिआड करता येत नाही: प्रत्येक अभ्यासक आपापला संच वापरतो आणि एकाचे निष्कर्ष दुसऱ्यास पडताळता येत नाहीत. रोहे येथे मध्य रेल्वेची हद्द संपून कोकण रेल्वेची सुरू होते. तरी प्रवाशास गाडी बदलावी लागत नाही, कारण दोन्हींच्या रुळांतले अंतर एकच आहे. मूलसंचाचे काम त्या अंतरासारखे आहे. त्यावरून कोणती गाडी न्यावयाची, हे ज्याचे त्याने ठरवावे.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. एकरूपतेची सवय लागली की ती बोलींवरही चालवली जाईल, ही भीती. पेण-रोहा परिसरातील आगरी बोलीत ण च्या जागी न व ळ च्या जागी ल येतो. 'पाणी' चे 'पानी' आणि 'डोळा' चा 'डोला' होतो. आगरी लग्नांत धवलारीण जे धवले म्हणते, त्यांची संकलने संगणकावर येतील तेव्हा ही रूपे प्रमाण रूपांशी मुकाट्याने एक करून टाकणारी आज्ञा मूलसंचात असेल, तर ती बोलीचे उच्चाटन करील. म्हणून सीमा स्पष्ट आखली पाहिजे. अर्ध्या र ची दोन लेखने हा संकेतांचा भेद आहे, त्यामागे उच्चाराचा भेद नाही; तो मिटवावा. 'पाणी' आणि 'पानी' हा भाषेचा भेद आहे. तो जतन करावा, आणि दोन्ही एकत्र शोधण्याची गरज भासल्यास ते काम अभ्यासकाने आपल्या जबाबदारीवर करावे. त्याचप्रमाणे 'रोहा' ह्या शोधास 'रोह्यात' हे रूप सापडावे की नाही, हा रूपविचाराचा प्रश्न असून त्याची जागा मूलसंचाबाहेर आहे. ही सीमारेषा कोठे ओढावी, हे भाषेचा अभ्यास ज्यांनी केला आहे त्यांच्यावाचून कोण सांगणार?

प्रस्ताव मांडण्याची वाट खुली आहे. पायथॉनमध्ये २००० पासून लेखी प्रस्तावांची रीत आहे: बदलाची गरज, नेमकी व्याख्या, जुन्या आज्ञावलींवर होणारा परिणाम आणि नाकारलेले पर्याय ह्यांचे विवेचन त्यात करावे लागते. २०१९ पासून अंतिम निर्णय पाच जणांचे निवडून आलेले मंडळ घेते. ह्याच रीतीने २००७ साली मांडलेल्या एका प्रस्तावामुळे त्या भाषेत देवनागरी नावे वापरण्याची मुभा मिळाली, आणि आज 'पेण' हे नाव आज्ञावलीतील चलाला देता येते. नाव स्वीकारले गेले, अक्षरे मात्र अजून तीनच मोजली जातात.

गरजेचे प्रतिपादन, व्याख्येची काटेकोर मांडणी, पूर्वपक्ष आणि त्याचे खंडन ही तर आपल्या शोधनिबंधाचीच अंगे आहेत. पदव्युत्तर वर्गातील छंदःशास्त्राचा एखादा प्रकल्प ह्या दिशेने वळवता येईल; गणित किंवा संगणकशास्त्र विभागातील एखादा सहकारी सोबतीस घ्यावा लागेल, एवढेच. शासनाने २००९ साली मराठी वर्णमालेचे व लिपीचे प्रमाणीकरण केले, तेव्हा त्याचा उपयोग पाठ्यपुस्तकांपुरता आहे, असे मानून आपण स्वस्थ बसलो. ते प्रमाण यंत्राच्या मूळ व्यवहारात उतरवण्याचे काम शिल्लक आहे. अक्षराची व्याख्या आपण केली नाही, तर ती कोणीतरी करणारच आहे. आणि ती करणाऱ्यास अष्टमी ठाऊक असेलच, असे नाही.