दिवस गेले, पण भीती गेली नाही

मूल होण्याच्या उपचारासाठी आमच्या धाराशिव जिल्ह्यातील भगिनींना सोलापूर, लातूर, नाही तर थेट पुणे गाठावे लागते. कळंबची असो की उमरग्याची, पहाटेची एस.टी., बुडालेली हजेरी, बचत गटाचे कर्ज, आणि टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार असेल तर एका खेपेलाच लाखाच्या वर खर्च. इतके करून दिवस गेले की घरात पेढे येतात आणि जो तो तिला सांगतो, "आता तरी हस गं बाई!"

ती हसते. पण संडासला गेली की आधी कपड्यावर डाग तर नाही ना, हे पाहते. रक्ताच्या तपासणीसाठी तिने दोन आठवडे दिवस मोजलेले असतात. मग सोनोग्राफीत बाळाचे ठोके दिसेपर्यंत पुन्हा जीव टांगणीला. काहींचा आधी गर्भ पडलेला असतो. आमच्या परिचयातील एका भगिनीने पाचवा महिना लागला तरी माहेरी कळवले नव्हते. म्हणाली, "सांगितलं आन् काही झालं, तर पुन्हा सगळ्यांना तोंड कसं दाखवू?"

दोन-अडीच महिन्यांनी उपचाराचे डॉक्टर तिला गावाजवळच्या दवाखान्यात पाठवतात. घरचे म्हणतात, सुटलो! तिला मात्र तेव्हाच जास्त धास्ती वाटते. आधी आठ-पंधरा दिवसांनी बाळ पडद्यावर दिसायचे, आता महिनाभर वाट पाहायची.

अशा वेळी सासूबाई, जावा, नणंदा यांना आमची विनंती आहे. "एवढा पैसा ओतला आणि आता रडतेस?" हे वाक्य तोंडातून काढू नका. भीती वाटणे म्हणजे उपकार विसरणे नव्हे. "तू काळजी करतेस म्हणून बाळाला धोका" हेही खरे नाही. सुरुवातीच्या महिन्यांत गर्भ पडतो तो बहुतेक वेळा गर्भाच्या गुणसूत्रांतील दोषामुळे. आईच्या रडण्याने नव्हे. आणि तिला खाटेवर खिळवून ठेवू नका. गर्भ आत सोडल्यावर पडून राहिल्याने तो जास्त टिकतो असे आढळलेले नाही. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर तिला चालू-फिरू द्या. नुसते आढ्याकडे पाहत पडलेल्या बाईचे मनच तिला खाते.

"टेस्ट ट्यूबचं बाळ" म्हणून कुजबुज करणारेही असतात. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांनी अशी मुलगी ६ ऑगस्ट १९८६ रोजी जन्मली. २०१६ साली ती स्वतः आई झाली. मग लपवायचे ते काय?

नवरेमंडळी तर बोलतच नाहीत. पुरुषाने घाबरायचे नसते म्हणे! राजरत्न गेला तेव्हा, १९२६ साली, खुद्द बाबासाहेबांनी दत्तोबा पवारांना पत्र लिहून आपले दुःख मोकळे केले होते. तुम्हीही बायकोजवळ बसून "मलाही भीती वाटते" एवढे म्हणा. तिचा अर्धा भार उतरेल.

दोन आठवडे झोप नाही, अन्न गोड लागत नाही, कशातच मन नाही, असे असेल तर तपासणीच्या वेळी डॉक्टरांना किंवा आशाताईंना स्पष्ट सांगावे. मनाच्या आजाराची गोळी आधीपासून चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नये. जीव नकोसा झाल्याचे ती बोलली तर एक दिवसही थांबू नये, तिला एकटी सोडू नये. सरकारचा टेलिमानस फोन १४४१६ रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत. फोन तिनेच केला पाहिजे असेही नाही. नवऱ्याने केला, सासूबाईंनी केला तरी चालतो.