जंगलाची एकतर्फी शाळा

श्रीमंत देशांतील विद्यापीठांचे विद्यार्थी उष्ण कटिबंधातील वर्षारण्यात एक सत्र काढतात, झाडे मोजतात, बेडकांच्या नोंदी ठेवतात आणि पदवीसाठी लागणारे श्रेयांक पदरात पाडून परत जातात. या शिक्षणप्रकाराला 'आंतरराष्ट्रीय ज्ञानविनिमय' असे भारदस्त नाव आहे. विनिमय म्हटला की देणे आणि घेणे दोन्ही आले. येथे देणारा कोण आणि घेणारा कोण, हे मात्र कायमचे ठरून गेलेले आहे.

या प्रकाराचे माहेर कोस्टा रिका. अमेरिकी विद्यापीठांनी पुढाकार घेऊन १९६३ साली 'ऑर्गनायझेशन फॉर ट्रॉपिकल स्टडीज' ही संस्था स्थापन केली. लेस्ली होल्डरिज या वनशास्त्रज्ञाची जमीन १९६८ साली विकत घेऊन तिने ला सेल्व्हाचे केंद्र उभारले. तेथे झालेले संशोधन अव्वल दर्जाचे आहे; ते नाकारणे हा अडाणीपणा ठरेल. पण त्याच कॅरिबियन किनाऱ्याच्या सखल प्रदेशात युनायटेड फ्रूट कंपनीच्या केळीबागांतील मजुरांनी १९३४ साली कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली मोठा संप केला होता. शेजारच्या पनामात कालव्यासाठी नदी अडवली गेली, खोरे बुडाले, एका टेकडीचे बेट झाले आणि १९२३ साली ते बेट संशोधनासाठी राखून ठेवण्यात आले. जंगल राखले गेले याचा आनंदच आहे. परंतु भोवतालचे जंगल कुणी व कशासाठी बुडवले, हा प्रश्न झाडे मोजणाऱ्याच्या वहीत सहसा येत नाही.

नगर जिल्ह्यातील वाचकाला हे दूरचे वाटण्याचे कारण नाही. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्याच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) पश्चिम टोकाला अकोले तालुक्यात घाटघर, रतनवाडी, साम्रद ही गावे आहेत. नगर शहरात वर्षाकाठी सहाशे मिलिमीटर पाऊस पडला तरी समाधान मानावे लागते; घाटघरला काही वर्षी तो पाच हजारांच्या पुढे जातो. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगडाच्या कड्यांखाली निमसदाहरित झाडोरा अजून तग धरून आहे. ब्रिटिशांनी १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पूर्ण केले. पाणी प्रवरेच्या कालव्यांनी खाली गेले, उसाचे मळे पिकले, १९५० साली लोणीला सहकारी साखर कारखाना निघाला. वर राहिलेल्या महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांच्या वाट्याला भात, नाचणी आणि हिरडा आला. पुढे १९८६ साली याच डोंगरांचे अभयारण्य झाले आणि ज्यांच्या पिढ्या तेथे गेल्या त्यांनाच वनखात्याच्या परवानगीकडे डोळे लावून बसावे लागले.

आता तेथे पाहुणे येतात. जूनच्या तोंडावर काजवे पाहायला मोटारींच्या रांगा लागतात. अभ्यासदौरे, निसर्गशिबिरे भरतात. आदिवासी तरुणाला यात मिळणारी कामे ठरलेली: वाट दाखवणे, तंबू ठोकणे, भाकरी भाजून देणे. झाडाचे नाव त्याने सांगायचे, ते वहीत दुसऱ्याने लिहायचे आणि त्यावरची पदवी तिसऱ्याच देशात मिळायची! बाळहिरडा कधी उतरवायचा हे त्याच्या आजीला ठाऊक असते. 'टर्मिनालिया चेब्युला' एवढे दोन शब्द येतात तो मात्र तज्ज्ञ.

यावर एक साळसूद उत्तर नेहमी दिले जाते. आदिवासी तर जंगलातच जन्मला. त्याला कोस्टा रिकाला जाऊन काय शिकायचे आहे? या उत्तरातच सारी मेख आहे. आयोवाचा विद्यार्थी मक्याच्या प्रदेशात जन्मला म्हणून त्याने शेतीशास्त्र शिकू नये, असे कुणी म्हणत नाही. स्वतःचे जंगल दुसऱ्या जंगलाशेजारी ठेवून पाहिल्यावाचून त्याचे शास्त्र हाती येत नाही, आणि शास्त्र हाती नसले की हक्कही निसटतात. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव लोकजैवविविधता नोंदवह्या करावयाच्या होत्या. वर्षानुवर्षे त्या झाल्या नाहीत. मग हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून राज्यांना दरमहा दहा लाखांच्या दंडाचा बडगा दाखवला, तेव्हा कागद भरण्याची एकच घाई उडाली. गावच्या वनस्पतींवरील लाभाचा वाटा ज्या वहीवरून मागायचा, ती वही गावाबाहेरच्या माणसाने भरावी, याहून मोठी नामुष्की कोणती?

मग आदिवासी मुलाने परदेशी जावे तर कसे? केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाच्या परदेश शिष्यवृत्तीत साऱ्या देशासाठी वर्षाला वीस जागा आहेत, त्यांतल्या तीन आदिम जमातींसाठी. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात आदिवासी दहा कोटींहून अधिक. अर्धा कोटीला एक जागा!

अनुसूचित जाती, विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी सामाजिक न्याय मंत्रालयाची जी वेगळी योजना आहे, तिच्या जागा १२५. तिच्यात २०२२ साली अट घालण्यात आली की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास या विषयांना शिष्यवृत्ती मिळणार नाही. समर्थन असे की या विषयांची साधने देशातच आहेत. म्हणजे परदेशी विद्यार्थ्याने येथे येऊन आमच्या वस्त्यांचा अभ्यास करावा, तो ज्ञानविनिमय. शेतमजुराच्या मुलीने परदेशी विद्यापीठात आपल्याच वस्तीचा अभ्यास करू म्हटले, तर तो उधळेपणा. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींवरचा निबंध वाचणाऱ्या भीमराव आंबेडकरांना बडोद्याच्या संस्थानिकाने शिष्यवृत्ती दिली होती. एका राजाने जो विश्वास दाखवला तो प्रजासत्ताकाला दाखवता येऊ नये! आणि जुलै २०२५ मध्ये निवड झालेल्या १०६ जणांपैकी आरंभी ४० जणांनाच तात्पुरती पत्रे मिळाली. उरलेल्यांना निधी उपलब्ध झाला तर, असे सांगण्यात आले.

परदेशी विद्यार्थ्यांना मज्जाव करा, अशी ही मागणी नव्हे. ज्ञानाला कुंपण घालणे हा समाजवाद्यांचा मार्ग नाही. याच जिल्ह्यात जामखेडला रजनीकांत आणि मेबेल आरोळे यांनी १९७० साली ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प सुरू केला. ती दोघे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये शिकून परतली होती. तेथे देशोदेशींचे लोक शिकायला येतात, आणि त्यांना शिकवणाऱ्यांत शाळेची पायरी क्वचितच चढलेल्या ग्रामीण आरोग्यसेविका असतात. अकोल्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. गावरान बियाण्यांच्या जतनासाठी २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शिकवण्याची ऐपत या मातीत नाही, असे कुणी म्हणू धजणार नाही.

तेव्हा अकोले, जुन्नर, आंबेगावच्या कार्यकर्त्यांनी काही गोष्टी ठामपणे मागितल्या पाहिजेत. अभयारण्यात अभ्यासक्रम भरवणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाने, देशी असो वा परदेशी, स्थानिक तरुणांना तितक्याच जागा विद्यार्थी म्हणून द्याव्यात, हमाल म्हणून नव्हे; आणि तेच श्रेयांक द्यावेत. माहिती सांगणाऱ्या वृद्धेचे नाव प्रबंधावर यावे व तिला अध्यापकाचे मानधन मिळावे. नोंदींची मराठी प्रत ग्रामसभेकडे ठेवल्यावाचून कुणी डोंगर उतरू नये. केंद्राच्या वीस जागांच्या किमान दोनशे व्हाव्यात, आणि २०२२ ची ती अट नियमावलीत पुन्हा कधी दिसू नये. यासाठी नवा कायदा लागत नाही. पहिल्या तीन गोष्टींचे ठराव येत्या ग्रामसभांतही करता येतील.