खेडे हा घटक, इतिहासातही

सीमा आखताना खेडे हा घटक धरावा, हे वाक्य सीमाभागातील शाळकरी पोरालाही पाठ आहे. भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा ही त्या मागणीची उरलेली तीन अंगे. जिल्हा किंवा तालुका हा घटक धरला म्हणजे खेड्याच्या वाट्याला काय येते, हे १९५६ साली आपण अनुभवले. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला बेळगाव जिल्ह्याचा चंदगड तालुका मुंबई राज्याकडे राहिला आणि त्याला खेटून असलेली बेळगाव तालुक्याची पश्चिमेकडील मराठी खेडी म्हैसूर राज्यात गेली. बांधाला बांध लागलेला, सोयरीक दोन्हीकडची. तरी मध्ये राज्याची सीमा. तेव्हापासून महाजन आयोगापुढे आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात हाच मुद्दा मांडला जात आहे.

आज आम्हांस हाच मुद्दा घेऊन कोणा सरकारकडे जावयाचे नाही, आमच्या वाचकांकडेच यावयाचे आहे. भूमीच्या वाटणीत खेडे हा घटक, तर मग इतिहासात का नाही? आपल्या घरातील मुलाला रायगडावरील राज्याभिषेकाचे साल विचारा, तो क्षणात सांगेल. आणि सांगितलेच पाहिजे. परंतु ज्या नळाचे पाणी पिऊन तो शाळेला गेला, त्या नळाचे पाणी कोठून येते, हे त्याला विचारून पाहा. त्याला विचारण्यापूर्वी स्वतःला विचारा.

ते पाणी राकसकोपहून येते. दर जुलैत राकसकोप जलाशयाची पातळी २४७५ फुटांच्या पूर्ण रेषेकडे सरकू लागली की शहराला हायसे वाटते, वर्तमानपत्रे रोज आकडे छापतात, आणि एकदा जलाशय भरला की पुढील उन्हाळ्यापर्यंत राकसकोपचे नावही कोणी काढीत नाही. त्या राकसकोपच्या वाटेवर, शहराच्या पश्चिमेस चार कोसांवर, बेळगुंदी हे गाव आहे. आजच्या विवेचनासाठी आम्ही बेळगुंदीच निवडली आहे. ती असामान्य आहे म्हणून नव्हे. जवळ असूनही आपण तिच्याकडे पाहिलेले नाही म्हणून.

प्रथम पाण्याचीच गोष्ट घेऊ. राकसकोपला अडविलेली नदी ती मार्कंडेय. खानापूर तालुक्यातील बैलूरच्या डोंगरात ती उगम पावते, आपल्या पश्चिम भागातील शेतशिवार भिजवीत शहराच्या उत्तरेकडून पूर्वेला वळते, गोकाकच्या बाजूला घटप्रभेस मिळते, आणि पुढे कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागरास जाते. त्याच खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेची वाट धरून गोव्यातून अरबी समुद्रास मिळते. एकाच तालुक्यावर पडणाऱ्या पावसाचे दोन समुद्र होतात! बेळगुंदी, बिजगर्णी, बेळवट्टी ही गावे ह्या जलविभाजकाच्या अलीकडच्या उतरणीवर वसलेली. सह्याद्रीचा पाऊस येथे कोकणाइतका निर्दय नाही आणि पूर्वेकडील पठारासारखा कंजूषही नाही. ह्या गावांची भातशेती आणि तांबड्या मातीतील रताळी ही त्या मधल्या पावसाचीच देणगी होय.

रताळ्यांविषयी थोडे अधिक लिहावयास हवे, कारण ह्या पट्ट्याची कीर्ती तीच नेते. आषाढाच्या सुमारास माळाच्या जमिनीत वेल लावावयाचा, वरुणराजावर हवाला ठेवावयाचा, आणि नवरात्राच्या सुमारास खणलेली रताळी बेळगावच्या बाजारपेठेत आणावयाची. तेथून ती ट्रकांनी पार उत्तर हिंदुस्थानात रवाना होतात. दिल्लीकडील एखादी गृहिणी उपवासाला बेळगुंदीच्या शिवारातले रताळे उकडीत असेल, आणि तिला बेळगुंदी ठाऊक नसेल. तिला दोष कसा द्यावा? बेळगावच्या किती गृहिणींना ती ठाऊक आहे? शिवाय हे रताळे मूळचे ह्या देशाचेही नव्हे. अमेरिका खंडातील हे कंद पोर्तुगीज गलबतांबरोबर इकडे आले. काजूही त्याच वाटेने आला. आपल्या एकादशीला चालणारा फराळ अर्धाअधिक परदेशी जन्माचा आहे, ही गोष्ट कर्मठांनी मनावर घेऊ नये, परंतु शाळामास्तरांनी अवश्य सांगावी. गोवा येथून किती जवळ आणि त्याचे ह्या मातीवरील ऋण किती, हे रताळ्याच्या एका वेलावरून मुलांना कळेल.

आता रवळनाथ. बेळगुंदीचे हे दैवत. येथील साहित्यप्रेमींनी आपल्या पंचक्रोशीतील साहित्य अकादमीला रवळनाथाचेच नाव दिले आहे. रवळनाथ चंदगडास आहे, आजऱ्यास आहे, सावंतवाडीकडील गावांत आहे, गोव्यातही अनेक ठिकाणी आहे. नकाशा काढून ह्या देवळांवर एकेक टिंब द्या आणि ती टिंबे जोडा. महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटक ह्या तीन राज्यांत विखुरलेला एकच मुलूख डोळ्यांपुढे उभा राहील. हा मुलूख कोणा आयोगाने आखलेला नाही. गाऱ्हाणे घालणाऱ्या, कौल घेणाऱ्या, पालखीला खांदा देणाऱ्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या पायांनी आखलेला तो नकाशा आहे. सलगता ह्या रूक्ष कायदेशीर शब्दाचा अर्थ आम्हांस ह्याहून चांगल्या रीतीने सांगता येणार नाही. परंतु आपल्याकडील किती सुशिक्षितांनी हा नकाशा कधी काढून पाहिला आहे?

येथे एक नाजूक गोष्ट आम्हांस स्पष्टपणे लिहिली पाहिजे. गावोगावचा इतिहास खणू लागलो तर कानडी शिलालेख निघतील, आणि ते प्रतिपक्षाच्या हाती कोलीत ठरतील, अशी धास्ती आपल्यातील काही चांगल्या कार्यकर्त्यांच्या मनात असते. ही धास्ती आम्हांस मुळीच मान्य नाही. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती रट्ट राजा चौथा कार्तवीर्य ह्याच्या काळात, १२०४ च्या सुमारास, त्याचा अधिकारी बीचिराज ह्याने उभारली. त्या काळचे कानडी लेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, आणि त्यांत आपल्या ह्याच शहराचे वेणुग्राम हे नाव आहे. हे लपवावयाचे कशासाठी? मराठीच्या अतिप्राचीन शिलालेखांपैकी एक कर्नाटकात, श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी आहे. तेवढ्यावरून ते गाव कोणी मागितले आहे काय? आपली मागणी आज नांदत्या माणसांच्या भाषेवर उभी आहे, आठशे वर्षांपूर्वीच्या राजाच्या दरबारी भाषेवर नव्हे. घरात अक्का आणि अण्णा म्हणणाऱ्या, पानसुपारीला अडकित्ता घेऊन बसणाऱ्या आपण कानडी शेजाराचे ऋण नाकारू गेलो, तर आपलीच जीभ आपल्याला खोटे पाडील. जो इतिहास प्रतिपक्षाला भिऊन अर्धाच सांगावा लागतो, तो आपल्या मुलांनाही फार काळ पटत नाही.

बेळगुंदीच्या अलीकडच्या इतिहासाचे एक पान रक्ताचे आहे. १९८६ च्या जून महिन्यात कन्नड सक्तीविरुद्धच्या आंदोलनात ह्या गावात गोळीबार झाला, आणि येथे मराठी माणसे हुतात्मा झाली. दरवर्षी त्यांना अभिवादन होते, होत राहील. ते पान प्रत्येकास माहीत आहे. म्हणूनच त्यावर अधिक लिहीत नाही. परंतु ज्या गावासाठी ती माणसे पडली, त्या गावाची बाकीची पाने कोरीच राहावीत, हे त्यांच्या स्मृतीस शोभणारे नाही. गाव म्हणजे केवळ एक तारीख नव्हे. गावाला विहिरी असतात, शेतांना नावे असतात, वेशीपाशी वीरगळ असतात, पाळावयाचे वार असतात. राकसकोप ह्या नावातील राकस म्हणजे राक्षस, हे कोणासही सांगावे लागत नाही. पण तो राक्षस कोण, ही कथा सांगणारी एखादी म्हातारी अजून असेल, तर तिच्यापाशी वही घेऊन कोण बसले आहे?

निपाणी भागाची स्थिती ह्याहून वेगळी नाही. निपाणी म्हटले की तंबाखू. फार तर १९८१ चे तंबाखू उत्पादकांचे आंदोलन आणि त्यातील गोळीबार. परंतु १९२५ च्या एप्रिलमध्ये ह्याच निपाणीत मुंबई इलाख्यातील बहिष्कृतांची परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिला आले होते, हे निपाणीतील किती मुलांना ठाऊक आहे? जवळच्या भोज गावाचा पुत्र आचार्य शांतिसागर म्हणून साऱ्या हिंदुस्थानातील दिगंबर जैन समाजास वंदनीय झाला, हे जैनेतरांपैकी कितीजण सांगू शकतील?

आणि बेळगाव शहराने तरी गर्वाने बोलावे असे काय केले आहे? १८९२ साली स्वामी विवेकानंद ह्या शहरात राहून गेले. लोकमान्यांच्या होमरूल लीगची स्थापना १९१६ च्या एप्रिलमध्ये येथेच झाली. महात्मा गांधी ज्या एकमेव काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले, ते १९२४ चे अधिवेशन येथलेच. १९४६ च्या साहित्य संमेलनात ग. त्र्यं. माडखोलकर ह्यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला तोही येथेच. ही चार नावे आपण चारी बाजूंनी मिरवितो, कारण ह्या चारही घटनांतील थोर माणसे बाहेरून आलेली होती. जो बाहेरून आला त्याची नोंद झाली. जो येथेच राहिला, ज्याने माळ फोडून मळा केला, देऊळ बांधले, शाळेसाठी जागा दिली, त्याची नोंद सरकारी दप्तराबाहेर कोठेही नाही. जिल्ह्याची सविस्तर माहिती हवी असली की आपण अजूनही १८८४ साली इंग्रजांनी छापलेले बेळगाव जिल्ह्याचे गॅझेटियर उघडतो. परक्या अमलदाराने महसुलाच्या सोयीसाठी केलेल्या त्या कामाचे आम्ही आभारी आहोत. त्यावरच अजून भागवावे लागते, ह्याची मात्र लाज वाटते.

ह्यावर उपाय फार अवघड नाही, आणि त्याची साधने हाताशीच आहेत. हिवाळा लागला की सीमाभागात गावोगाव मराठी साहित्य संमेलने भरतात. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, कुद्रेमनी आणि आपली बेळगुंदी. शहरांनी हेवा करावा अशी ही परंपरा आहे. ग्रंथदिंडी निघते, लेझीम घुमते, बाया डोक्यावर कलश घेऊन चालतात, पुण्या-मुंबईचा पाहुणा अध्यक्षीय भाषण करतो. तो महाराष्ट्राच्या थोर परंपरेविषयी बोलतो. ज्या मांडवात बसून बोलतो त्या गावाविषयी त्याला दोन वाक्यांपलीकडे काही सांगता येत नाही, कारण त्याला ती माहिती कोणी दिलेलीच नसते. आमची सूचना अशी की, प्रत्येक संमेलनात एक पुरते सत्र यजमान गावाचेच असावे, आणि त्यात बाहेरचा वक्ता नसावा. गावातील शिक्षकाने, पुजाऱ्याने, जुन्या शेतकऱ्याने, ओव्या येणाऱ्या एखाद्या आजीने बोलावे आणि ते कोणीतरी लिहून घ्यावे.

मराठी शाळांच्या मुख्याध्यापकांनाही आमची विनंती आहे. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना निबंधाऐवजी आपल्या शिवारातील शेतांची नावे लिहून आणावयास सांगा. नावे आईच्या तोंडून जशी ऐकली तशीच लिहावयाची. ती शुद्ध करण्याचा मोह शिक्षकांनी आवरावा. एखादे नाव कानडी निघाले तर तेही तसेच लिहावे.

ह्या पत्राच्या रविवारच्या अंकातील जागा ह्या कामासाठी मोकळी ठेवण्यास आम्ही तयार आहोत. मजकूर कागदाच्या एकाच बाजूस लिहावा, सांगणाऱ्याचे वय घालावे, आणि वर गावाचे नाव गावकरी उच्चारतात तसे लिहावे. पहिला कागद बेळगुंदीहून आला तर आम्हांस विशेष आनंद होईल.