टर्बो लावायचाय? आधी इंजिन उघडा!

हॉस्टेलच्या मेसमध्ये रात्रीच्या जेवणाला विषय तीनच. डाळ, प्लेसमेंट आणि गाड्या! तिसरा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "घरी नवी स्विफ्ट आलीय. सुट्टीत तिला टर्बो बसवून टाकू. किट मिळतं, दोन दिवसांचं काम!" झालं, सगळ्या टेबलाचे डोळे चमकतात. माझं मत जरा वेगळं आहे. (मी कॉन्व्हेंटमधली, त्यामुळे शुद्धलेखन संपादकांनी सांभाळून घ्यावं.) टर्बो जरूर लावा, पण आयुष्यातला पहिला टर्बो घरच्या नव्या गाडीला लावू नका.

कल्पना तशी जुनी आणि सुंदर आहे. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये तिचं पेटंट घेतलं. सायलेन्सरमधून फुकट जाणाऱ्या गरम वायूवर टर्बाइन फिरवायचं, त्याच शाफ्टवरच्या कॉम्प्रेसरने जास्त हवा सिलिंडरमध्ये कोंबायची. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. इतकं सोपं असेल तर घोडं अडतं कुठे? उष्णतेत!

२०२१ ते २०२४ च्या पेट्रोल स्विफ्टचं १.२ लिटर इंजिन घ्या. कॉम्प्रेशन रेशो १२:१. समजा, आपण फक्त अर्धा बार बूस्ट दिला. आता सेकंड इयरचं थर्मो आठवा. गॅमा १.४ धरला तर २७ अंशांची हवा आदर्श कॉम्प्रेसरमधूनसुद्धा ६४ अंशांवर बाहेर पडते. प्रत्यक्षात त्याहून गरम. पुढे सिलिंडरमध्ये १२:१ ने दाबल्यावर केल्व्हिनमधलं तापमान सुमारे २.७ पट होतं. म्हणजे सुरुवातीचा ३७ अंशांचा फरक स्पार्क पडायच्या आधीच १०० अंशांचा झाला! इंटरकूलर यातला काही भाग परत घेतो, सगळा नाही. मग उरलेलं मिश्रण आपलं आपणच पेटतं. यालाच आपण नॉकिंग म्हणतो. परीक्षेत त्यावर मार्क मिळतात, रस्त्यावर पिस्टन फुटतो.

कंपनी हे कसं टाळते बघा. स्विफ्टचंच १.२ लिटर इंजिन २०२३ मध्ये फ्रॉन्क्समध्ये आलं, आणि सोबत १ लिटरचं टर्बो इंजिनही. पहिलं ९० पीएस आणि ११३ न्यूटन-मीटरचं, दुसरं १०० पीएस आणि १४८ न्यूटन-मीटरचं. पण टर्बोवाल्याचा रेशो १०:१. म्हणजे कंपनीने जुन्या इंजिनवर टर्बो चिकटवला नाही, टर्बोसाठी इंजिनच वेगळं केलं.

मोठ्यांनाही हे सहज जमलेलं नाही. १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बो कार आली. रेशो १०.२५:१. नॉकिंग थांबवायला तिच्यात पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण फवारावं लागे. लोक ते भरायला विसरत. टाकी रिकामी झाली की बूस्ट बंद! दोन वर्षांत गाडी बंद झाली, आणि पुष्कळ गाड्यांवरचे टर्बो पुढे काढून टाकले गेले. जनरल मोटर्सची ही गत, तर दोन दिवसांच्या किटची काय कथा?

शिवाय टर्बो एकटा येत नाही. मिनिटाला लाखावर फेरे घेणाऱ्या शाफ्टला ऑइलची लाइन लागते. मोठे इंजेक्टर, दणकट क्लच लागतो. मूळ ईसीयूचा मॅप बिनटर्बोच्या इंजिनसाठी असतो, म्हणून नवं ट्यूनिंग लागतं. वर वॉरंटी जाते, आणि बदल कळवला नाही तर विमा कंपनी क्लेम नाकारू शकते. कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आहेच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण इथे मोल बाबांच्या खिशातून जातं आणि त्या गाडीत आई, धाकटा भाऊही बसतात.

"मग काय, नुसत्या नोट्सच पाठ करायच्या?" असं कोणी विचारेल. मुळीच नाही! उलट माझी खरी तक्रार तीच आहे. तीन वर्षं ऑटो सायकलचे डायग्रॅम काढूनही आपल्यातल्या कितीजणांनी स्वतःच्या हाताने सिलिंडर हेड उघडलंय? हात शिवशिवतात, म्हणून पोरं घरच्या गाडीकडे वळतात.

म्हणून सरांना आणि मॅडमना विनंती. स्क्रॅपमधलं एखादं छोटं पेट्रोल इंजिन आणि जुना टर्बो वर्कशॉपमध्ये आणू द्या. आठवड्यातून दोन संध्याकाळी लॅब उघडी ठेवा. इंजिन डायनॅमोमीटरला जोडू. आधी बिनटर्बोचं मोजू, एअर-फ्यूएल रेशो बघू, नॉकिंग कानाने ओळखायला शिकू. मग थोडा थोडा बूस्ट देऊ. पिस्टन फुटला तर फुटला, तो कापून त्यावरच सेमिनार देऊ!

आणि मित्रांनो, नुसता पिकअप हवा असेल तर कंपनीतूनच टर्बो घेऊन आलेली गाडी बघा. शिकायचं असेल तर फुटलं तरी चालेल असं इंजिन शोधा. घरची नवी गाडी या दोन्हींत बसत नाही.