म्हणे, पदर सांभाळा!

कढईतलं तेल पेटून एखादी बाई भाजली की पहिला प्रश्न ठरलेला असतो. नायलॉनची साडी कशाला नेसली होती? पदर का खोचला नव्हता? गॅस बंद करायचा कॉक कुठं होता, कढईवर टाकायला झाकण होतं का, हे कुणी विचारत नाही.

मैत्रिणींनो, ‘स्टोव्हचा भडका उडाला’ या एका वाक्याखाली जाळलेल्या सुना झाकल्या जात होत्या. तेव्हा आपण रस्त्यावर उतरलो. 1983 साली 498-अ कलम आलं. खुनाला अपघात म्हणू देणार नाही, हे आपण ठणकावून सांगितलं. आज मला त्याची दुसरी बाजू मांडायची आहे. कामाच्या ठिकाणी बाई भाजली तरी ते स्वयंपाकघरच, म्हणजे घरगुतीच, असं धरून चालतात.

आपल्या परभणी जिल्ह्यातच बघा. वसतिगृहांच्या खानावळी, बचत गटांचा दिवाळीचा फराळ, लग्नात आचाऱ्याच्या हाताखाली पुऱ्या तळणाऱ्या बाया, तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसातली भज्यांची दुकानं. शाळेत पोषण आहार शिजवणारीला तर पगारही नाही, ‘मानधन’ आहे. एकदा मानधन म्हटलं की ती कामगार नाही, तिच्या चुलीची जागा कारखाना नाही, आणि भाजली तर नशीब!

तळणाचं तेल साधारण 180 अंशांवर असतं. आच तशीच राहिली तर 360 अंशांच्या आसपास ते काडी न लावताही पेटतं. त्यात पाणी ओतलं तर पाण्याची क्षणात सतराशेपट वाफ होते आणि जळतं तेल अंगावर उडतं. कोरडी पावडर ज्वाळा विझवते, पण तेल तापलेलंच राहतं, ते पुन्हा पेटतं. यावरचा इलाज म्हणजे वेट केमिकल. पोटॅशियमच्या क्षारांचं हे पाण्यातलं द्रावण बारीक फवाऱ्यानं तेलावर पडलं की तेलाचा वरचा थर साबण बनतो. फेसाची साय धरते, हवा तुटते, तेल निवतं. राखेनं भांडी घासलेल्या हातांना यात नवल वाटायला नको. राखेतही पोटॅशच असतो, तेलकट भांडं त्यानंच निघतं. (म्हणून पेटत्या कढईत राख किंवा वाळू टाकू नका, तेल उसळेल.)

मोठ्या स्वयंपाकघरात याची पक्की यंत्रणा बसवतात. प्रत्येक कढईच्या वर एक तोटी. धुरांड्यात उष्णतेनं वितळणारी कडी. ती वितळली की टाकी उघडते आणि त्याच झटक्यात गॅसही बंद होतो. शिवाय बाहेर पडायच्या दाराशी हातानं ओढायची मूठ. तोटीची उंची आणि जागा त्या कढईसाठीच मोजलेली असते. कढई दोन हात सरकवली तर फवारा फरशीवर! वनस्पती तेल आणि उष्णता धरून ठेवणाऱ्या नव्या कढयांपुढे जुन्या पावडरच्या यंत्रणा अपुऱ्या पडल्या, म्हणून अमेरिकेत 1994 साली यासाठी कडक चाचणी आली. म्हणजे ज्ञान तीस वर्षांपूर्वीचं आहे. ते बड्या हॉटेलांच्या चिमणीखाली पोचलं, जिंतूर-गंगाखेडच्या खानावळीत नाही.

मी आमच्या तालुक्यातल्या एका खानावळीत चौकशी केली. अग्निशामक नळकांडं होतं. व्यवस्थापकाच्या खोलीत, कुलपात. “बाया हात लावून बिघडवतील,” म्हणाले. नळकांडं होतंही पावडरचंच. सिलिंडरचा कॉक भट्टीच्या मागे. आग लागली तर तो बंद करायला तिनं आगीवरूनच हात घालायचा! हा आराखडा ज्यानं केला त्यानं तळणारी बाई कधी डोळ्यांपुढे आणलीच नव्हती.

पुरुष कामगारांचीही गत निराळी नाही. 18 डिसेंबर 2017 ला मुंबईत साकीनाक्याच्या फरसाणाच्या दुकानाला आग लागली, 12 कामगार गेले. अकराच दिवसांनी कमला मिलची आग लागली आणि 14 जण गेले. कमला मिल सर्वांच्या लक्षात आहे. साकीनाका किती जणींना आठवतं?

“बचत गटाला लाखाची यंत्रणा कशी परवडणार?” हा प्रश्न येणारच. परवडणार नाही, आणि उघड्यावरच्या कढईला ती चालणारही नाही. पण वसतिगृहात, मोठ्या उपाहारगृहात कढया एकाच जागी असतात, तिथं ती मागायलाच हवी, आणि खर्च मालकानं करायचा. बाकी ठिकाणी कढईच्या मापाचं जाड धातूचं झाकण, दाराशी आणलेला गॅसचा कॉक, आणि तेलाच्या आगीसाठीचं म्हणून लिहिलेलं वेट केमिकलचं नळकांडं, बाईच्या हाताला पुरेल अशा उंचीवर, मराठी सूचनांसह. ते कसं चालवायचं हे तळणारीलाच शिकवलं पाहिजे, व्यवस्थापकाला नव्हे.

राज्याचा अग्निप्रतिबंधक कायदा 2006 सालचा आहे. तो लागू असलेल्या इमारतीच्या मालकानं किंवा भोगवटादारानं यंत्रणा चालू असल्याचा दाखला दर जानेवारीत आणि जुलैत द्यायचा असतो. आपापल्या गावातल्या वसतिगृहाचा तो दाखला बघायला मागा. आणि पुढच्या बैठकीला येताना एवढं बघून या : तुम्ही जिथं तळता तिथं कॉक कढईच्या अलीकडे आहे की पलीकडे?