विश्लेषण : न्यूयॉर्कवर छोटे विमान उडवायचे, तर तयारी जमिनीवरच का?

जेएफके, लाग्वार्डिया आणि न्यूअर्क असे तीन मोठे विमानतळ जवळजवळ असलेल्या न्यूयॉर्कवर चार आसनी खासगी विमानाला जागा कुठून मिळणार? ती आहे, हडसन नदीवर. पण तिथला खरा कस आकाशात नव्हे, तर निघण्यापूर्वी नकाशासमोर लागतो.

मार्ग कसा आहे?

या विमानतळांभोवतीचे आकाश ‘क्लास बी’ प्रकारचे, म्हणजे कडक नियंत्रणाचे आहे. तिथे शिरायला नियंत्रकाची स्पष्ट परवानगी लागते. ‘तुम्ही रडारवर दिसत आहात’ एवढे ऐकू आले म्हणजे परवानगी मिळाली असे नाही. नदीवरची १३०० फुटांखालची अरुंद पट्टी मात्र यातून वगळली आहे. तिथे वैमानिकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे आणि इतरांना चुकवायचे.

डोळे पुरेसे का नाहीत?

८ ऑगस्ट २००९ रोजी स्वच्छ हवेत याच नदीवर एक पायपर विमान आणि पर्यटकांचे हेलिकॉप्टर एकमेकांवर आदळले. नऊ जणांचा जीव गेला. पायपरच्या वैमानिकाला पुढच्या नियंत्रकाची फ्रिक्वेन्सी सांगितली गेली, ती त्याने चुकीची उच्चारली आणि ती चूक कुणी दुरुस्त केली नाही. नियंत्रक कामाशी संबंध नसलेल्या फोनवर बोलत होता. चौकशीत त्याच्यावर ठपका आला, तसेच ‘पाहा आणि टाळा’ या पद्धतीच्या मर्यादांवरही बोट ठेवले गेले.

हिशेब साधा आहे. समोरासमोर येणाऱ्या दोन विमानांचा वेग प्रत्येकी १४० नॉट, म्हणजे ताशी सुमारे २६० किलोमीटर असेल, तर त्यांच्यातले एक किलोमीटर अंतर सात सेकंदांत संपते.

नंतर काय बदलले?

आधी ऐच्छिक असलेल्या अनेक गोष्टी सक्तीच्या झाल्या. वेग १४० नॉटच्या आत, दिवे सुरू आणि मार्गाचा नकाशा सोबत. उत्तरेला जाणाऱ्याने पूर्व किनारा धरायचा, दक्षिणेला जाणाऱ्याने पश्चिम. नुसते पार होणाऱ्यांनी १००० ते १३०० फुटांदरम्यान राहायचे, शहरदर्शनवाल्यांनी त्याखाली. जॉर्ज वॉशिंग्टन पूल, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, वेराझानो पूल अशा ठरलेल्या खुणांवर १२३.०५ या फ्रिक्वेन्सीवरून आपली जागा सर्वांना सांगायची.

मग करायचे काय?

‘टॅबलेटवर सगळे दिसते, मग पाठ कशाला?’ असा युक्तिवाद होतो. तो घातक वाटतो. पडद्याकडे गेलेली नजर खिडकीबाहेर नसते. प्रत्येक खूण, उंची आणि फ्रिक्वेन्सी आधीच कागदावर क्रमाने लिहिलेली हवी. म्हणजे कानावर आलेला आकडा वेगळा असेल तर लगेच खटकतो. हवामान आणि तात्पुरती उड्डाणबंदी निघण्यापूर्वी तपासायला हवी. राष्ट्राध्यक्षांच्या दौऱ्यात अशी बंदी लागतेच. ‘क्लास बी’ची परवानगी मागण्यात कमीपणा नाही, आणि ती नाकारली गेली तर कुठून वळायचे हेही आधी ठरलेले असावे.

नियंत्रक चुकू शकतो, समोरचा वैमानिकही चुकू शकतो. आपल्या हातात असते ती आपली तयारी. ती झाली नसेल तर त्या दिवशी विमान जमिनीवर ठेवणे हाच शहाणपणा.